ध्रुवप्रकाश बघायला बाबांना कुठे नेऊ?

प्रश्न : भाऊ स्टॉकहोमला असतो. मार्चमध्ये मी आणि 68 वर्षांचे बाबा त्याच्याकडे जातोय. बाबांना ध्रुवप्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायचाच आहे. त्यासाठी पाच दिवस हाताशी आहेत. स्वीडनच्या उत्तरेचं किरुना शहर, बर्फाचं हॉटेल, आबिस्को गाव यांतलं काय ठेवू, काय सोडू? बाबांचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, दहिवडी

उत्तर : ताई, चार रात्री आबिस्कोला राहा. बाकी सगळं त्यानंतर.

कारण तुम्हा दहिवडीकरांना लगेच कळेल. पाऊस सह्याद्रीवर रिता होतो आणि तुमचा माण तालुका कोरडा राहतो, तसंच तिथे आहे. अटलांटिकवरचे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिकामे होतात, म्हणून आबिस्कोचं आभाळ आजूबाजूच्या गावांपेक्षा जास्त वेळा मोकळं मिळतं. तरीही एका रात्रीचा भरवसा धरू नका. मी आईला घेऊन गेले होते, तेव्हा पहिल्या दोन रात्री नुसता बर्फ पडत होता. तिसऱ्या रात्री साडेअकराला आई म्हणाली, "तो ढग हलतोय बघ." तो ढग नव्हता. सुरुवातीला प्रकाश असाच फिकट, राखाडी दिसतो. फोटोतला गडद हिरवा रंग डोळ्यांना दर वेळी दिसत नाही. हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर समोर असूनही कळणार नाही.

आबिस्कोजवळच्या नुओल्या डोंगरावर रात्री तारेवरच्या उघड्या पाळण्यातून नेतात. तिथून फार सुंदर दिसतं, पण त्या थंडीत पाय लोंबकळत बसणं दुखऱ्या गुडघ्यांना सोसणार नाही. त्यापेक्षा तोर्नेत्रेस्क तलावाचा काठ गाठा. तिथे अंधारही भरपूर. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मात्र घ्याच, घसरलं तर सहल तिथेच संपेल. फोनची बॅटरी थंडीत झटकन उतरते, तो आतल्या खिशात ठेवा.

मार्च निवडलात हे फार बरं केलंत. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही. मार्चमध्ये दिवस बारा तासांचा होतो आणि तलाव तरीही गोठलेलाच असतो. दिवसा काठावरूनच दक्षिणेला लापोर्टेन दिसतं, हिमनदीनं कोरलेली डोंगरांमधली मोठी कमान, उलटी धरल्यासारखी. तिथले मूळ रहिवासी सामी लोक तिला हंसांची दरी म्हणतात. ते बघायला एक पाऊलही चढावं लागत नाही.

पाचवा दिवस किरुनाला द्या. खाणीमुळे जमीन खचतेय म्हणून तिथलं 1912चं लाकडी चर्च ऑगस्ट 2025मध्ये अख्खंच्या अख्खं गाडीवर चढवून पाच किलोमीटर हलवलं. बाबा ते बघून थक्क होतील. बर्फाचं हॉटेल मी सोडून देईन.

विमानानं जाऊ नका. स्टॉकहोमहून नॉर्वेतल्या नार्विकला जाणारी रात्रीची रेल्वे थेट आबिस्कोला थांबते. शयनयानाचं तिकीट काढा आणि बाबांना खालचा बर्थ मागून घ्या. सकाळी किरुना मागे पडलं की त्यांना उजवीकडच्या खिडकीशी बसवा. तलाव त्याच बाजूला लागतो.