आधी कलम, मग अधिसूचना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. खासदारांच्या कार्यालयात लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीची कागदपत्रं आता तुझ्याकडे येतात, हे ऐकून फार आनंद झाला. शेतीच्या कायद्यांवर सभागृहात भाषणं होतात. शेतकऱ्याला आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला रोज बांधणारे नियम मात्र दिल्लीत मंत्रालयाच्या टेबलावर लिहिले जातात. ते तपासायला ही समिती १९५३ पासून आहे. सदस्य १५, आणि मंत्री त्यात नसतात.

अधिसूचना आली की थेट मजकुरात शिरू नकोस. सुरुवातीला 'अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून' असं लिहिलेलं असतं, ते कलम आधी काढून वाच. कीटकनाशकांचे नियम १९६८ च्या अधिनियमातल्या कलम ३६ खाली होतात. ते दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस राहतात, आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ यांचं तसं नाही. ते जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ मधून आले. तिथलं उपकलम ६ फक्त आदेश लवकरात लवकर पटलावर ठेवा, म्हणजे दोन्ही सभागृहांपुढे रीतसर मांडा, एवढंच म्हणतं. रद्द करण्याची तरतूद त्यात नाही. ॲटलस सायकल खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने पटलावर ठेवण्याची ही अट बंधनकारक मानली नाही. आणि आदेश मोडणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते! शिक्षा एवढी जड आणि संसदेचा हात एवढा सैल, हे मला आजही सलतं. म्हणून कलम ३ खालचा आदेश दोनदा वाचत जा.

बायोस्टिम्युलंटचंच, म्हणजे पिकाची वाढ आणि ताण सोसण्याची ताकद वाढवायला दिल्या जाणाऱ्या पदार्थांचंच घे. २०२१ मध्ये ती खत नियंत्रण आदेशात आली. बाजारात काहीही बाटलीत भरून विकलं जात होतं, तेव्हा नियमन हवंच होतं. पण जीवनावश्यक वस्तू अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे तो कोणत्या वस्तूंना लागू होतो त्या यादीत, शब्द आहेत 'खत, असेंद्रिय, सेंद्रिय किंवा मिश्र', आणि आदेशातली व्याख्या मात्र अन्नद्रव्यं किती आहेत ते बाजूला ठेवून पिकाच्या शरीरक्रियेला चालना देण्यावर उभी आहे. मग हा पदार्थ 'खत' या शब्दात बसतो का? कदाचित बसेल. पण हा प्रश्न समितीनं विचारायला हवा. उद्या एखाद्या उत्पादकानं न्यायालयात विचारला आणि आदेश डळमळला, तर बनावट मालापासून शेतकऱ्याला मिळालेलं संरक्षणच जाईल.

मसुद्याची भाषाही बघ. परवाना निलंबित करण्याआधी म्हणणं ऐकून घेणार का, किती दिवसांत, अपील कुणाकडे, हे यवतमाळच्या दुकानदाराला वकील न गाठता कळलं पाहिजे.

समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. म्हणून तुझ्या टिपणात प्रत्येक आक्षेपासमोर कलमाचा क्रमांक आणि तुला सुचलेला दुरुस्त मजकूर दे. मोघम आक्षेपाला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं. तयार मजकूर समोर असला की मंत्रालयाला तो का नको, याचं कारण द्यावं लागतं. पहिलं टिपण बायोस्टिम्युलंटवरच कर आणि पाठव, मी लगेच वाचेन.

तुझा,
सर