पशुपतिनाथाला जा, पण मुलीला बघायला जाऊ नका

प्रश्न : आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. माझं वय ४१, मिस्टरांचं ४५. शाहूपुरीत आमचं दुकान आहे. ओळखीचे एक यात्रा कंपनीवाले दरवर्षी काठमांडू-पोखरा सहल नेतात. काठमांडूजवळच्या एका बालगृहातली तीन वर्षांची मुलगी आम्हाला दत्तक मिळवून देतो, असं ते म्हणतात. तिचा फोटो आलाय. मिस्टरांनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आम्ही नावही ठेवलं. दिवाळीनंतरच्या सहलीत मुलीला बघायचं, संस्थेला दोन लाख देणगी द्यायची, तिला गाडीने सोनौलीच्या सीमानाक्यावरून आणायचं आणि इथे पाचशेच्या स्टॅम्पवर दत्तकपत्र करून नोंदवायचं, असं ठरतंय. पंचवीस हजार आगाऊ दिलेत. मिस्टर म्हणतात, आपण हिंदू, मुलगी हिंदू, नेपाळला व्हिसा लागत नाही, मग अडचण कसली? शाहू महाराजसुद्धा दत्तकच होते की! मला मात्र रात्र रात्र झोप नाही. आम्ही जावं का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सहलीचे पैसे भरले असतील तर सहलीला जरूर जा, पशुपतिनाथाचं दर्शन घ्या. त्या बालगृहात मात्र पाऊल टाकू नका. देणगीचा पुढचा एक रुपयाही देऊ नका. आणि मुलीला गाडीत घालून आणायचा बेत आजच, आत्ताच सोडा.

आता तुमच्या मिस्टरांचे मुद्दे घेतो, कारण ते खोटे नाहीत, अर्धे आहेत.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्यात दत्तक द्यायचा अधिकार आधी आईवडिलांचा. शाहू महाराजांचं उदाहरण काढलंत म्हणून सांगतो. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा मूल कुणाचं, देतंय कोण, घेतंय कोण, हे साऱ्या संस्थानाला ठाऊक होतं. तुमच्या प्रकरणात देणारं कोण? यात्रा कंपनीवाले? ते मुलीचे कुणी नव्हेत. बालगृहाचा चालक? आईवडील नसतील, त्यांनी मूल टाकलं असेल किंवा ते कोण हेच माहीत नसेल, तर मूल सांभाळणाऱ्या पालकाला ते दत्तक देता येतं. पण कलम ९(४) प्रमाणे त्याला कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. आणि कोर्ट कुठलं, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथलं जिल्हा किंवा शहर दिवाणी न्यायालय. मुलगी राहते काठमांडूत. कसबा बावड्याच्या आपल्या जिल्हा न्यायालयाला तिच्याबद्दल ही परवानगी देताच येणार नाही. म्हणजे ज्या कायद्याच्या भरवशावर मिस्टर निघालेत, त्याच कायद्यात त्यांचा रस्ता बंद आहे.

त्याच कायद्याचं कलम १७ दत्तकाच्या बदल्यात पैसे देण्या-घेण्यावर बंदी घालतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘देणगी’ म्हटलं काय नि ‘सेवा’ म्हटलं काय, मूल मिळावं म्हणून पैसे मोजले की न्यायाधीश पावतीवरचा शब्द बघत बसत नाहीत.

दत्तकपत्र नोंदवलं की सगळं पक्कं, हा समज तर आपल्याकडे घरोघरी आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. मूल कुठून आलं, देणाऱ्याला अधिकार होता का, याचा न्याय ते करत नाहीत. नोंदणीकृत दत्तकपत्र कायदेशीर असल्याचं कोर्ट गृहीत धरतं, पण उलट पुरावा येईपर्यंतच. तो पुरावा शाळेच्या दाखल्याच्या वेळी येतो, पासपोर्टच्या वेळी येतो, नाहीतर शाहूपुरीतलं दुकान कुणाच्या नावावर करायचं यावरून भावकी उठते तेव्हा येतो. शेवटचा प्रकार मी वकिलीत सर्वांत जास्त पाहिलाय.

व्हिसाचं म्हणाल तर १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्हीकडची माणसं मोकळेपणाने ये-जा करतात, हे खरं. पण ती सवलत माणसाला स्वतःच्या प्रवासासाठी आहे, दुसऱ्याचं मूल नेण्यासाठी नाही. सोनौलीच्या नाक्यावर आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. नेपाळच्या नाक्यांवर माइती नेपालसारख्या संस्थांच्या बायका उभ्या असतात. त्या सीमेवरून मुली विकायला नेल्या जातात म्हणूनच त्या तिथे आहेत. मराठी बोलणारं जोडपं आणि मागच्या सीटवर नेपाळीत रडणारी तीन वर्षांची पोर. गाडी बाजूला घेतली जाणारच. आणि ती घेतली गेली तर मी त्या बायकांच्या बाजूचा आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

समजा, सुटलात आणि कोल्हापूरला पोचलात. मग बाल न्याय कायदा २०१५ येतो. अनाथ, टाकलेलं किंवा आईवडिलांनी सरकारी यंत्रणेच्या स्वाधीन केलेलं मूल रीतसर प्रक्रियेशिवाय दत्तक दिलं-घेतलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मूल विकत देणं-घेणं कलम ८१ मध्ये, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. त्यात शब्द आहेत ‘कोणत्याही कारणासाठी’. तुमची माया खरी आहे, तिला पोटच्या पोरीसारखी वाढवाल, यात मला शंका नाही; पण या कलमापुढे मायेचा बचाव चालत नाही. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतील, समिती तिला संस्थेत ठेवेल आणि परत पाठवायची कारवाई सुरू होईल. तोवर ती तुम्हाला आई म्हणायला लागलेली असेल.

तुम्ही विचारलंत ते एवढंच, की जावं का, नुसतं बघायला. माझ्या मते सगळा घोळ या ‘नुसतं बघायला’ मध्ये आहे. मूल बघितलं की माणूस कागद बघत नाही. परदेशी दत्तकाचे नियम लिहिणाऱ्यांना हे चांगलं माहीत होतं. १९९३ च्या हेग दत्तक कराराचं कलम २९ सांगतं की, मूल दत्तकयोग्य आहे आणि पालक पात्र आहेत हे ठरेपर्यंत, होणारे पालक आणि मुलाचे आईवडील किंवा मूल ज्यांच्या ताब्यात आहे ती माणसं, यांचा संपर्क होऊ नये. मूल नात्यातलं असेल किंवा अधिकृत यंत्रणेने मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. भारताने हा करार २००३ मध्ये स्वीकारला. नेपाळने २००९ मध्ये सही केली, पुढची मंजुरी दिलेली नाही. म्हणून काही कलम २९ मागचं कारण नाहीसं होत नाही, उलट तिथे जास्त जपायला हवं. अमेरिकेने ऑगस्ट २०१० मध्ये नेपाळमधल्या टाकलेल्या मुलांची नवी दत्तकप्रकरणं थांबवली, कारण मूल कुठे, कसं सापडलं याच्या कागदांवर विश्वास ठेवता येईना. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं की तिथल्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. ताई, त्या फोटोतल्या मुलीची आई कुठे आहे, हे यात्रा कंपनीवाल्यांना एकदा विचारून बघा. काय उत्तर येतंय ते मलाही ऐकायचंय.

आपल्या देशातही हीच रीत आहे. इथल्या बालकल्याण संकुलात जाऊन ‘ही पोर द्या’ म्हणता येत नाही. आधी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन गृहअभ्यास अहवाल करते, मग क्रमाने मुलाची माहिती येते. ४८ तासांत होकार कळवायचा, आणि त्यानंतर भेट.

तरीही परदेशातूनच मूल घ्यायचं म्हणाल तर भारतीय नागरिकांना वाट आहे. दत्तकाची प्रक्रिया आधी त्या देशाच्या कायद्याने तिथे पूर्ण करायची. नेपाळच्या बाबतीत म्हणजे सरकारची मंजुरी, खासगी करारनामा नव्हे. तुमचा गृहअभ्यास अहवाल, मुलाची सगळी माहिती देणारा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल ‘कारा’कडे जातात, आणि जिथे लागते तिथे ‘कारा’ मंजुरी देते. मुलाच्या भारतप्रवेशासाठी आपल्या दूतावासामार्फत गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगी घ्यायची असते. व्हिसा लागत नाही म्हणून कागद लागत नाहीत, असं नव्हे. भारतीय नागरिकत्वही आपोआप मिळत नाही, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या नोंदणीचा अर्ज वेगळा करावा लागतो. या वाटेत भेट येते ती सरकारी पत्र हातात आल्यावर. तेव्हा दोघांनी मिळून जा, पैसे फक्त अधिकृत पावतीवर द्या आणि भाषांतर करून घेतल्याशिवाय सही करू नका. नेपाळी देवनागरीत असते, त्यामुळे अक्षरं लागली की आपल्याला वाटतं सगळं कळलं. तिथेच फसगत होते.

दिलेल्या पंचवीस हजारांचं काय? मूल ताब्यात आलेलं नाही, बेत इथेच थांबवताय, ही तुमची जमेची बाजू. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, फोन पेची नोंद, काहीही पुसू नका. ‘हा व्यवहार आम्हाला मान्य नाही, रक्कम परत करा’ एवढा साधा संदेश पाठवा, धमकीची भाषा नको. आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. ओळखीचा माणूस आहे, संबंध बिघडतील, म्हणून मिस्टर आढेवेढे घेतील. पण त्या गृहस्थांनी तुमच्या आधी कुणाला असं मूल ‘मिळवून दिलं’ असेल, तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येईलच. तेव्हा तक्रारदार म्हणून समोर असलेलं बरं. अर्ज पाठवण्याआधी मला दाखवा.

मुलीचा फोटो ग्रुपवरून काढून टाका, नातेवाइकांनाही पुसायला सांगा. संस्थेतल्या मुलाची ओळख अशी पसरवणं कायद्याला धरून नाही. तुमच्या फोनमधली मूळ प्रत मात्र पुरावा म्हणून राहू द्या.

आणि ‘तुमचं वय उलटलं, आता इथे मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. ४१ आणि ४५ मिळून ८६. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत चालते, तेवढं एक वर्ष हुकलंय. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा ९० आहे. तुम्हाला तीन वर्षांचीच मुलगी हवी होती ना? मग तुम्ही पात्र आहात, फक्त दरवर्षी ती बेरीज दोनने वाढते, म्हणून सहलीहून आल्यावर बघू असं करू नका. थांबावं लागेल, बरंच थांबावं लागेल, हेही सांगतो.

पॅनकार्ड, वयाचा, राहण्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि लग्नाचं प्रमाणपत्र एकत्र करून ठेवा. लग्नाची नोंदणी चौदा वर्षांपूर्वी राहून गेली असेल तर आधी महापालिकेत जाऊन ती करून घ्या. बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं.