'अँटिसिपेट' म्हणजे नेमकं काय? ते 'एक्स्पेक्ट'च्या जागी चालतं का?

तुम्ही विचारलंय की 'अँटिसिपेट'चा अर्थ काय, ते आणि 'एक्स्पेक्ट' एकच का, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'वी अँटिसिपेट टू फिनिश बाय फ्रायडे' असं लिहिलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मेल आजच जायची असेल. नाही चालत. 'अँटिसिपेट'ला 'टू' जोडून पुढे क्रियापद लावत नाहीत. 'वी एक्स्पेक्ट टू फिनिश बाय फ्रायडे' लिहा, ते साधं आणि बिनचूक आहे. 'अँटिसिपेट'च वापरायचं असेल तर 'वी अँटिसिपेट फिनिशिंग बाय फ्रायडे'. त्याच्यापुढे नाम येतं ('वी अँटिसिपेट अ डिले'), आयएनजी लागलेलं रूप येतं, नाहीतर 'दॅट', 'हाउ', 'व्हॉट' यांनी सुरू होणारं उपवाक्य येतं. 'वी अँटिसिपेट यू टू रिप्लाय' हेही त्याच कारणाने चूक.

आता अर्थ. शब्द लॅटिनमधून आलाय: 'आन्ते' म्हणजे आधी आणि 'कापेरे' म्हणजे घेणं, पकडणं. आधीच पकडणं हा मूळ गाभा अजून त्यात शिल्लक आहे. 'एक्स्पेक्ट' म्हणजे अमुक होईल असं वाटणं, बस्स. 'अँटिसिपेट'मध्ये पुष्कळदा ते आधीच ओळखून तशी तयारी करणंही येतं. क्रिकेटची कॉमेंटरी ऐका. 'ही एक्स्पेक्टेड अ बाउन्सर' म्हटलं तर बाउन्सर येईल असं बॅट्समनला वाटत होतं, एवढंच कळतं. 'ही अँटिसिपेटेड द बाउन्सर' म्हटलं की चित्र बदलतं: बोलरने फाइन लेग मागे नेलेला त्याने पाहिला, बॉल सुटता सुटता वजन मागच्या पायावर घेतलं आणि पुलसाठी तयार राहिला. बॉलला सामोरं जाण्याआधीच त्याने हालचाल केली होती.

म्हणून शब्द निवडताना स्वतःला एकच विचारा: नुसतं वाटलं, की वाटून पुढचं काही केलंही? केलं असेल तर 'अँटिसिपेट' अगदी चपखल बसतं. हा भेद आज सगळे पाळतात असं मात्र नाही. रिपोर्टमध्ये, बातम्यांमध्ये 'इट इज अँटिसिपेटेड दॅट' हे सरळ 'अपेक्षित आहे' याच अर्थाने येतं आणि डिक्शनऱ्यांनाही ते मान्य आहे. त्याला चूक म्हणू नका. पण साध्या अंदाजासाठी प्रत्येक वेळी तो भारदस्त शब्द आणला की लिखाण उगाच जड होतं, असं माझं मत आहे.

उलट काही ठिकाणी फक्त 'एक्स्पेक्ट'च लागतं. वरिष्ठ 'आय एक्स्पेक्ट यू टू बी ऑन टाइम' म्हणतात तेव्हा तो अंदाज नसतो, ताकीद असते. हा हक्काचा सूर 'अँटिसिपेट'मध्ये नाही. पार्सलची किंवा घरी येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहतानाही 'आय ॲम एक्स्पेक्टिंग अ पार्सल' म्हणतात. आणि 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणजे तिला दिवस गेलेत. तिथे 'अँटिसिपेटिंग' घातलं तर अर्थच राहत नाही.

मेलच्या शेवटी आपल्याकडे 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन' लिहायची जुनी सवय आहे. व्याकरण ठीक आहे, पण समोरचा काम करणारच हे आपण गृहीत धरलं, असा त्याचा अर्थ निघतो. अनोळखी माणसाला लिहिताना 'आय वुड बी ग्रेटफुल फॉर युअर हेल्प' बरं.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत आणखी एक अर्थ भेटतो: दुसऱ्याच्या आधी बाजी मारणं. 'ही अँटिसिपेटेड हिज रायव्हल' म्हणजे प्रतिस्पर्ध्याने करायच्या आत याने ते करून टाकलं. पेटंटच्या कायद्यात याच्या जवळचा वापर आजही चालतो: तुमचा शोध आधीच कुठे प्रसिद्ध झालेला असेल तर तो 'अँटिसिपेटेड' ठरतो, म्हणजे नवा राहत नाही.

पेपरात रोज दिसणारं उदाहरण म्हणजे 'अँटिसिपेटरी बेल', आपला अटकपूर्व जामीन. अटक होईल असं दिसताच माणूस सेशन्स कोर्टात किंवा हायकोर्टात जातो, आणि अटक झालीच तर जामिनावर सोडावं असा आदेश आधीच मिळवतो. पूर्वी हे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 438 मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 मध्ये आहे.

उच्चारात जोर 'टि'वर द्या: अँ-टि-सि-पेट. स्पेलिंगमध्ये 'सी' आणि 'पी' या दोन्ही अक्षरांच्या आधी 'आय' येतो. तिथे 'ई' घालणं ही नेहमीची चूक.