लिदीचा हिशेब जमेल का?

प्रश्न : आम्ही हडपसरला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, चार वर्षं घोडेस्वारी शिकतेय. पर्यावरणाचीही तिला ओढ आहे. 'माती-पाणी न नासवता स्टड फार्म, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं फार्म, चालवायचं काम करायचंय' म्हणते. घरचे म्हणतात, लीद उपसण्यात कसलं करिअर? तिला 'नीट'ची परीक्षा द्यायला लावू की पर्यावरणशास्त्राला घालू? – एक आई

उत्तर : ताई, घरचे थट्टेत बोलले ते बरचसं खरं आहे. हे काम निम्म्याहून जास्त लिदीचंच आहे. साधारण 450 किलोचा घोडा लीद आणि मूत्र मिळून दिवसाला 20 ते 23 किलो बाहेर टाकतो. त्यात घोड्याखाली पसरलेलं, ओलं झालेलं अंथरूण धरा, 25 च्या पुढे गेलं. दहा घोड्यांचा छोटा तबेला म्हटला तरी महिन्याला साडेसात टन! त्यात पुण्याचा रेसचा हंगामच मुळी पावसाळ्यातला. कुंपणाला लावून ठेवलेल्या ढिगावर पाऊस पडला की काळं पाणी ओढ्यात उतरतं, नायट्रेट मुरत मुरत विहिरीत जातं. इथंच घोडं पेंड खातं.

यावरचा उपाय महाग नाही, पण त्याला रोज लक्ष द्यावं लागतं. दहा घोड्यांसाठी 10 बाय 10 फुटांचे, 5 फूट उंचीचे लिदीचे तीन हौद, खाली कोबा, वर पत्रा, आणि विहिरीपासून किमान 100 फूट लांब. एक हौद महिनाभर भरायचा, दुसऱ्यातला ढीग आतून आपोआप तापू द्यायचा, तिसरा मुरायला. ढिगाच्या पोटात 55 ते 65 अंश तापमान सलग तीन-चार दिवस टिकलं तर जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. कडेचा माल मात्र गार राहतो, म्हणून ढीग पालटताना बाहेरचं आत घालायचं. ओल मुठीवर कळते. मूठभर माल घट्ट दाबला की बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा. धार लागली तर ढीग कुजून वास मारणार, आणि मूठ उघडताच माल भुरभुरला तर तो तापणारच नाही.

ढीग न तापण्याचं दुसरं कारण म्हणजे अंथरूण. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस सढळ हाताने टाकलं की कर्ब (कार्बन) फार, नत्र (नायट्रोजन) कमी. कर्ब-नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं. अशा वेळी हिरवं गवत किंवा लसूणघासाचे उरलेले दांडे मिसळायचे. वास जावा म्हणून चुना मारण्याची सवय अनेक ठिकाणी असते, ती मोडायला हवी. चुन्याने अमोनिया उलट जास्त सुटतो, म्हणजे खताचं नत्र हवेत जातं आणि खाली बसलेल्या शिंगराच्या (घोड्याच्या पिल्लाच्या) नाकात वास भरतो.

गिऱ्हाईकही अंथरुणावरच ठरतं. गव्हाच्या काडाची लीद बटन मशरूमवाल्यांच्या उपयोगाची, भुशाची नाही. मुरलेलं खत उरुळी कांचनच्या रोपवाटिकांना किंवा तळेगावच्या गुलाबाच्या पॉलिहाउसना दाखवता येतं.

पाणी आणि चिखल. घोड्याला दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पुण्यात 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 200 चौरस मीटरच्या पत्र्यावरून लाखभर लिटर सहज मिळतं, आणि पन्हळ लावली की तेच पाणी लिदीत मिसळायचं थांबतं. काळ्या मातीत फाटकापाशी आणि पिण्याच्या पाण्याच्या हौदापाशी पावसाळ्यात गुडघाभर रेंदा होतो. तिथे माती काढून मोठे दगड, वर मुरूम घालायचा. पावसाळ्यात घोड्यांना कुंपण घातलेल्या एकाच छोट्या जागेत ठेवायचं, म्हणजे बाकीचं गवत तुडवलं जात नाही.

चरण्याच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर माशी आणि जंत दोन्ही आटोक्यात राहतात. काही जण कुळव फिरवून लीद पसरवतात. ते एप्रिल-मेच्या उन्हात ठीक, अळ्या वाळून मरतात. पावसात तसं केलं तर जंत सगळ्या कुरणाला वाटून टाकल्यासारखं होतं. जंतांचं औषधही ठरल्या तारखेला सरसकट पाजण्यापेक्षा लिदीतली अंडी मोजून, पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावं. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध लिदीतून बाहेर पडतं आणि लीद गाडणारे भुंगे मारतं. आणि हो, शोभेसाठी कुंपणाला कण्हेर कधीही लावायची नाही. तिची मूठभर पानंही घोड्याच्या जिवावर बेततात.

आता शिक्षण. वर जे सांगितलं त्यात माती, खत, चारा आणि पाणीच जास्त आहे. म्हणून माझं मत बी.एस्सी. अ‍ॅग्रीकडे झुकतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश एमएचटी-सीईटीवर, आणि शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय तुम्हाला घरच्यासारखं. घोड्यावर उपचार करण्याची ओढ असेल तरच पशुवैद्यक. ते साडेपाच वर्षांचं, नीटच्या गुणांवर, आणि जवळचं सरकारी कॉलेज शिरवळला. पर्यावरणशास्त्राची पदवी यात पहिली पायरी म्हणून मला कमी पडते असं वाटतं. अहवाल लिहिता येतो, चारा पिकवता येत नाही. एम.एस्सी.ला ती जरूर घ्यावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'पर्यावरण व्यवस्थापक' नावाची जागा स्टड फार्मवर कोणी काढत नाही. पद फार्म मॅनेजरचं असतं आणि हे सगळं त्याच्या पोटात येतं. अशा जागा मोजक्याच. पण लिदीचा हिशेब जमला तर डेअरी, गोशाळा, रायडिंग स्कूल कुठेही तो चालतो.

प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी एक करा. परीक्षा संपल्या की तिला ती शिकते तिथेच महिनाभर काम मागू द्या. एका घोड्याची लीद सात दिवस ताणकाट्यावर मोजायची, ढिगात दोन फूट खोल थर्मामीटर खुपसून रोजचा आकडा वहीत लिहायचा, आणि सईसांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, हुकूम न सोडता त्यांच्याबरोबर पाटी उचलायची. जायचं मात्र पहाटे साडेपाचला. अकराला गेली तर तबेला झाडून झालेला असेल आणि तिला नुसते घोडे दिसतील.