टेक लॉगमध्ये मी लिहिलेली एक ओळ

तुमच्या पत्रात लिहिलंय: चाकं सुटली न सुटली तोच डावा स्टिक शेकर (विमानाची उचल संपत आली असा इशारा देत दांडा खडखडवणारं यंत्र) सुरू, कॅप्टन आणि को-पायलट या दोन्ही बाजूंच्या वेगदर्शकांत फरक, उंचीतही फरक. तुम्ही चेकलिस्ट करून सुखरूप परत आलात, आणि मेंटेनन्सने ‘तपासलं, ठीक आहे’ अशी सही करून सकाळी विमान पुन्हा उडवलं. हे वाचताना मला माझीच एक पावसाळी संध्याकाळ आठवली. तुमचा प्रश्न आहे, ‘कॉकपिटात आमचं काय चुकलं?’

मला तरी काही चुकलेलं दिसत नाही. वेगदर्शकावर भरवसा नसताना ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल, फ्लाइट डायरेक्टर बंद, फ्लॅप (पंखांच्या झडपा) बाहेर असताना नाक १० अंशांवर आणि एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग) ८० टक्के, हे ७३७ वाल्याला मी सांगायला नको. (मी उडणं सोडून काही वर्षं झाली. तुमच्या कंपनीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं.) मला विचारायचंय ते वेगळंच: टेक लॉगमध्ये, म्हणजे मेंटेनन्ससाठी बिघाड नोंदवायच्या वहीत, काय लिहिलंत?

मी घाण केली ती तिथे. हातात सगळा वेळ खडखडणारा तो दांडा, शेजारच्याशी ओरडून बोलणं, हे सगळं संपवून खाली उतरलो तेव्हा ड्यूटीची वेळ संपत आली होती. मी एकच ओळ लिहिली: ‘टेक-ऑफनंतर आयएएस डिसॅग्री, परत आलो.’ (आयएएस म्हणजे वेगदर्शकावरचा वेग, तो दोन्ही बाजूंना जुळत नव्हता.) शेकरचा उल्लेख नाही, उंचीतल्या फरकाचा नाही. साहजिकच मेंटेनन्सने पिटोच्या (समोरच्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या) नळ्या साफ केल्या, लीक टेस्ट घेतली आणि विमान सोडून दिलं. शेकर ज्याच्या आकड्यावर वाजतो त्या अँगल ऑफ अटॅकच्या (पंखाचा समोरच्या हवेशी कोन मोजणाऱ्या) पात्याकडे कोणी पाहिलंच नाही. सकाळच्या क्रूला तोच शेकर, तिथेच, तसाच. नशिबाने तेही परत आले.

पुढे एका कार्यालयाने माझ्याकडून तीन वेळा लेखी खुलासा घेतला. त्यांच्या फॉर्मवर ‘घटनेचे वर्णन’ यासाठी दोन ओळींची जागा होती. जादा कागद जोडला तर ‘फॉर्ममध्येच भरा’ म्हणून परत. आणि तिसऱ्या पत्रात विचारणा काय, तर वर्णन त्रोटक का आहे? या लोकांबद्दल मी इथे जास्त बोलत नाही, बीपी वाढतो.

इंडोनेशियातल्या लायन एअरच्या ७३७ मॅक्सच्या अपघाताचा अहवाल वाचला तेव्हा मात्र हात गार पडले. २९ ऑक्टोबर २०१८ ला १८९ माणसं गेली. आदल्या रात्री तेच विमान देनपसारहून जकार्तापर्यंत शेकर वाजत असताना आणलेलं होतं, ट्रिमचे (शेपटीकडून नाक वरखाली करणाऱ्या मोटरचे) कटआउट स्विच बंद करून. लॉगमध्ये आयएएस, उंची आणि फील डिफरन्शियल प्रेशर (दांड्याला जडपणा देणाऱ्या यंत्रणेचा इशारा) या तीन गोष्टी आल्या. शेकर नाही, कटआउटही नाही. मूळ दोष एमकॅसचा (नाक आपोआप खाली दाबणाऱ्या प्रणालीचा) आणि चुकीच्या कॅलिब्रेशनच्या सेन्सरचा, तो त्या रात्रीच्या क्रूच्या माथी मारायचा नाही. पण त्या दोन गोष्टी कागदावर असत्या तर सकाळच्या कॅप्टनने त्या पानावर थांबून पाहिलं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून दिसलं, ऐकलं, हाताला जाणवलं ते सगळं लिहा. कोणत्या बाजूला, किती फुटांवर, फ्लॅप कितीवर. निदान तुम्ही करू नका. ‘पिटो चोंदला असावा’ असं लिहिलंत की पुढचा माणूस पिटोच साफ करणार. जागा पुरली नाही तर पुढचा रकाना घ्या, कोण काय म्हणतं ते नंतर बघू. आणि सीव्हीआर (कॉकपिटातल्या आवाजाचं रेकॉर्डिंग) जपून ठेवायला लगेच सांगा, बऱ्याच विमानांत दोन तासांपूर्वीचं पुसलं जातं.

जाता जाता: विमान चार दिवस उभं असेल तर पिटोवर कव्हर होतं का, ते विचारा. कुंभारीण माशीला (मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशीला) नळीत मातीचं घर बांधायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताला बर्जेनएअरचं ७५७ पडलं, त्यातही संशय तिच्यावरच होता. आणि टेक-ऑफच्या धावेत ८० नॉट्सच्या कॉलला (वेग मोठ्याने सांगून ताडून पाहताना) दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा. बर्जेनएअरच्या त्या कॅप्टनला आपला वेगदर्शक चालत नाही हे धावपट्टीवरच कळलं होतं, तरी त्याने उड्डाण केलं.

तुमचं विमान आज कोणाकडे आहे? त्या क्रूला फोन केला नसेल तर आधी तो करा, मला उत्तर सवडीने द्या.