शिरवळ आणि परळ दोनच भरू का? आधी फाईल उघडा, यादी नंतर

ताई, तुमचा प्रश्न वाचून क्षणभर वाटलं, हा मीच लिहिला होता की काय तीन वर्षांपूर्वी! मुलाला नीटची परीक्षा देऊन व्हेटरनरीलाच जायचंय, घर पुण्यात बिबवेवाडीत, प्रवर्ग ओबीसी, आणि तुम्ही विचारताय की पुण्याजवळचं शिरवळ आणि मुंबईचं परळ ही दोनच कॉलेजं भरली तर चालेल का, उदगीर-परभणी इतक्या लांब कशाला, आणि ते पंधरा टक्क्यांचं काय असतं. आमची लेक सध्या उदगीरला तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वेळी माझ्याही कागदावर ही दोनच नावं होती, त्याच क्रमाने.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, प्रवेशाचं मार्गदर्शन करणारीही नाही. बँकेत नोकरी करते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका हेच शेवटचं प्रमाण धरा, मला नाही. नीटचे गुण, पीसीबीची (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) टक्केवारी, साडेपाच वर्षांत शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. ते सोडून देते.

एकच गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण त्यात बरेच पालक फसतात. एमबीबीएस-बीएएमएससाठी राज्याच्या सीईटी सेलचा अर्ज भरला म्हणजे त्यात व्हेटरनरी आलं, असं नाही. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के जागा नागपूरचं पशुविद्यापीठ, म्हणजे माफसू, स्वतःच्या वेगळ्या अर्जातून भरतं. देशभरातल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, तिची नोंदणी आणखी वेगळी. मेडिकलचे देशपातळीवरचे प्रवेश करणाऱ्या एमसीसीशी तिचा संबंध नाही. दरवाजे वेगळे, तारखा वेगळ्या, आणि त्या एकमेकींवर आदळतात.

आता आमचं काय झालं ते सांगते. लांबेल थोडं, पण एका दाखल्यापायी आमची एक सीट गेली.

लेकीची जात राज्याच्या ओबीसी यादीत आहे. जातीचा दाखला होता, जात पडताळणीही अकरावीतच करून ठेवली होती (ती मात्र लवकर करा, राज्याच्या प्रवेशात तिच्यावाचून अडतं). नॉन क्रिमीलेयर, म्हणजे आपण ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही असा दाखला, काढायला आमच्या भागातल्या दाखल्यांच्या केंद्रात गेले. नाव घेत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांना मी स्पष्ट विचारलं, "दादा, हा महाराष्ट्राबाहेर पण चालेल ना? केंद्राच्या कोट्यातून भरायचंय." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, सरकारी दाखला आहे, सगळीकडे चालतो." मागे वीस माणसं उभी. मी पावती घेऊन बाहेर पडले.

दाखला आला. मराठीत, शिक्क्यासकट, अगदी देखणा. फाईलला लावला आणि आम्ही निर्धास्त झालो.

पंधरा टक्क्यांच्या दुसऱ्या फेरीत तिला शेजारच्या राज्यातलं एक नावाजलेलं कॉलेज मिळालं, ओबीसीतून. घरात पेढे वाटले. मी आणि ती रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी कॉलेजात कागदपत्रं तपासायला बसले. टेबलावरच्या मॅडमनी बाकी सगळं बघितलं, या दाखल्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, हा तुमच्या राज्याचा आहे, केंद्राच्या नमुन्यातला कुठे आहे?

जात तीच, आईबाप तेच, उत्पन्न तेच, पण केंद्राच्या यादीसाठीचा ओबीसी दाखला हा निराळा कागद असतो. नमुना ठरलेला, इंग्रजीत, आणि आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या ठरावाने आली त्याचा क्रमांक त्यात लिहिलेला. राज्याचं नॉन क्रिमीलेयर त्याच्या जागी चालत नाही. हे मला त्या टेबलापाशी उभं राहून कळलं, घरापासून इतक्या लांब.

त्या मॅडम वाईट नव्हत्या हो. उद्या संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाल्या. मी यांना फोन केला, हे ऑफिस सोडून दाखल्याच्या कार्यालयात धावले. तिथे आधी सर्व्हर डाऊन. मग साहेब मीटिंगला. मग कळलं की केंद्राच्या नमुन्याचा अर्ज वेगळा, त्याला उत्पन्नाची कागदं वेगळी, आणि "प्रोसेसला दिवस लागतात". यांनी हात जोडले, चढ्या आवाजात बोलले, पुन्हा हात जोडले. ज्या खिडकीवरून "सगळीकडे चालतो" असं सांगितलं होतं तिथे दुसरेच गृहस्थ बसले होते, ते म्हणाले असं कुणी सांगणारच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजचं टेबल बंद झालं. आम्ही परतीची गाडी पकडली. लेक रात्रभर खिडकीशी बसून होती, एक शब्द बोलली नाही.

दाखला एकोणिसाव्या दिवशी मिळाला. अजून फाईलमध्ये आहे, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, एकदाही न वापरलेला.

चूक त्या गृहस्थांची होतीच, पण मी रोज लोकांची कागदपत्रं तपासते आणि नमुना स्वतः वाचला नाही, हे मला जास्त लागतं. माहितीपुस्तिकेच्या शेवटी तो कोरा नमुना छापलेला असतो. मी ती कॉलेजांच्या नावांपर्यंत वाचली आणि पुढे गेलेच नाही.

म्हणून म्हणते, कॉलेजांची यादी करायच्या आधी फाईल उघडा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का आणि कोणत्या नावाने, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. काही जाती राज्याच्या यादीत आहेत, केंद्राच्या नाहीत. उलट आपल्याकडे भटक्या-विमुक्तांत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राकडे ओबीसी म्हणून येतात. तुमचं ओबीसी आहे म्हणून एवढंच. पण ओळखीत कुणी मराठा असेल तर सांगा, एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग केंद्रात चालत नाही, बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), आणि त्याचाही केंद्राचा नमुना वेगळा. दाखल्याची तारीखही बघा. केंद्राच्या बहुतेक प्रक्रियांत चालू आर्थिक वर्षातला मागतात, म्हणजे एक एप्रिल उलटला की लगेच अर्ज टाका, निकालाची वाट बघू नका. नीटच्या अर्जात प्रवर्ग लिहिताना तो केंद्राच्या हिशेबाने लिहायचा असतो, हेही लक्षात ठेवा. आणि दाखल्यांच्या केंद्रात गेलात की तो कोरा नमुना छापून समोर ठेवा, "मला हाच हवा." तोंडी विचारू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोनच भरू का? नाही. सगळी भरा. माफसूची परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला, जिथे जिथे त्या वर्षी जागा दाखवतील ती सगळी. माझा याला सक्त विरोध होता. एकुलती मुलगी चारशे किलोमीटरवर कशाला पाठवायची? यांनी शेवटच्या दिवशी हट्टाने उरलेली नावं टाकायला लावली. आमचं त्यावरून भांडण झालं. बाहेरची सीट गेल्यावर त्याच नावांतल्या उदगीरने तिला घेतलं. हे अजून ऐकवतात, आणि मला गप्प बसावं लागतं.

क्रम मात्र अंतरावरून लावू नका. तुमच्या शिरवळच्या हिशेबात एक गफलत आहे, ती माझीही होती. स्वारगेटहून एसटी, पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घरून जाऊन-येऊन करेल. नाही करणार. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर शनिवारी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय गोठ्यावरची कामं भल्या सकाळी असतात आणि ७५ टक्के हजेरीत कुणी सूट देत नाही. हॉस्टेल घ्यावंच लागतं. एकदा हॉस्टेल आलं की शिरवळ काय आणि परभणी काय, सुट्टीतल्या प्रवासाचाच काय तो फरक.

त्यापेक्षा कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात कोणतं जनावर उभं राहतं ते बघा. माझं हे मत लेकीच्या सीनियर्सकडून ऐकून झालंय, कुणाला पटणार नाही कदाचित. परळचं कॉलेज १८८६ चं, शेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. कुत्री-मांजरी बघायची असतील तर तिथल्यासारखी संख्या दुसरीकडे मिळायची नाही. पुण्यात स्वतःचं पेट क्लिनिक काढायचं स्वप्न असेल तर परळ वर ठेवा, मुंबईच्या खर्चाची तयारी ठेवून. वन्यजीवांचं वेड असेल तर नागपूर, गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र माफसूचंच आहे. शिरवळला आजूबाजूला दुधाचा पट्टा, संकरित गाई, खिल्लार, मेंढरं. उदगीरला देवणी गाय तिच्या माहेरात बघायला मिळते, शिवाय लाल कंधारी आणि उस्मानाबादी शेळ्या. माझी पुण्यातली लेक, जिने गाय फक्त रस्त्यात बसलेली पाहिली होती, ती दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत जेवताना देवणीच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांचे प्रकार समजावून सांगत होती. पदवी सगळीकडची तीच, पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हायलाही कॉलेजचं नाव आडवं येत नाही.

(गंमत बघा, पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्या औंधला, जनावरांच्या लसी बनवणारी संस्था औंधला. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली ती मोठी संशोधन संस्था, आयव्हीआरआय, तीसुद्धा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि चार वर्षांत डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आणि पदवीच्या कॉलेजसाठी पुणेकराने बॅग भरायची! नवीन कॉलेजांच्या घोषणा कानावर येतील. परिषदेची परवानगी येऊन अर्जात नाव दिसेपर्यंत त्यांच्या भरवशावर थांबू नका.)

पंधरा टक्क्यांत आणंद, बंगळुरूचं हेब्बाळ, चेन्नईचं १९०३ चं जुनं कॉलेज, केरळातलं मन्नुथी, लुधियाना, अशी भारी नावं दिसतात आणि हात शिवशिवतात. टाका जरूर. पण वर्गात इंग्रजी असलं तरी म्हैस घेऊन येणारा शेतकरी इंग्रजी बोलत नाही. मल्याळममध्ये "कधीपासून चारा खात नाही" हे विचारायची तयारी आहे का, हे मुलाला विचारा, स्वतःला नको. आम्ही विचारलं नव्हतं.

काही राज्यांत खाजगी कॉलेजं आहेत, त्यांचे फोन निकालानंतर येऊ लागतील. फीच्या आधी एकच विचारा, पदवी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य पदव्यांच्या यादीत, आहे का, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. "परदेशात थेट मान्यता" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेची, एव्हीएमएची, मान्यता भारतातल्या एकाही कॉलेजला नाही. परळचा असो की लुधियानाचा, तिकडे जायचं तर वेगळ्या परीक्षा देऊनच जावं लागतं. आणि पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा "व्हेटरनरीच आहे" म्हणून कुणी गळ्यात मारू पाहील, तो वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याने डॉक्टर होत नाही.

बाकी किरकोळ. मूळ कागद कॉलेजात जमा होतात, म्हणून प्रत्येकाच्या भरपूर साक्षांकित प्रती आणि स्कॅन करून ठेवा, तुमच्या मोबाईलवर आणि घरच्यांच्याही मोबाईलवर. प्रवेश झाला की रेबीजची आधीच घ्यायची लस डॉक्टरांना विचारून पुण्यातच सुरू करा, कुत्रं चावायची वाट बघत बसू नका.

तुमची जात केंद्राच्या यादीत कशी लिहिली आहे ते बघून मला कळवा, कोरा नमुना माझ्याकडे आहे, पाठवते. आणि गमबूट इथूनच घेऊन द्या. उदगीरच्या बाजारात लेकीच्या मापाचे मिळाले नव्हते, पहिले दोन महिने तिने दोन नंबर मोठे बूट मोज्यांत कापूस कोंबून घातले.