आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डला कॅबिनेटसोबत आलेला '५०० वॅट'चा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) पुरेल का?

भाऊ, लग्नाच्या व्हिडिओंच्या कामासाठी ३०६० लावायचंय म्हणता, तर नाही पुरणार. दुकानदार म्हणतो 'पाचशेचा आहे, बिनधास्त लावा', पण तुम्हीच टाकलेल्या स्टिकरच्या फोटोत उत्तर आहे. वरचा ठळक ५०० सोडा. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात काय छापलंय? १६ अँपिअर. गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच लाइनवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी धरूनही ५०० होत नाहीत, आणि त्या लाइनींवर आजच्या पीसीत फारसा लोडही नसतो.

आता तुमचा लोड. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. तुमचा आय५-१२४००एफ प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा, पण टर्बोत (पूर्ण वेगात) ११७ पर्यंत जातो, आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला तो टर्बोतच पळणार. बोर्ड, रॅम, एसएसडी, हार्डडिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले ३३७. शिवाय ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदापुरतं ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळतं, ते वेगळंच. 'आत्तापर्यंत तर काही प्रॉब्लेम नाही' असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबरच आहे. तुमचं सध्याचं जीटी ७१० कार्ड जेमतेम १९ वॅट खातं. तरी एक्स्पोर्टच्या वेळी तुमचा एसएमपीएस आजही काठावरच असणार.

एनव्हिडियाने ३०६० साठी ५५० वॅट सांगितलेत. तेवढाच घ्या, पण चांगल्या कंपनीचा. चांगल्या ५५० वर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर दिसतात. दुकानात बॉक्स उघडून आधी तोच आकडा बघा. '८० प्लस ब्रॉन्झ'चा शिक्का असावा, पण तो फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. म्हणून वॉरंटी बघा. पाच वर्षांची मिळाली तर उत्तम. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ६५० घ्या. ७५० च्या नादी लागू नका.

आपल्याकडची खरी गोम उन्हाळा. लग्नसराईचं काम एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच अमळनेर-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात. त्यात खोलीवर पत्रे असतील तर विचारूच नका. स्वस्त युनिटचे वॅट कितपत तापमानाला मोजलेत हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, काहींवर २५ अंश असतं. आपल्याला ४० किंवा जमल्यास ५० अंशांना पूर्ण लोड देणारं हवं. आतले कपॅसिटर तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी बसत असेल तर पंखा खाली करा आणि जाळी महिन्याला झटका, आपल्याकडची धूळ माहितीच आहे.

व्होल्टेज रात्री पडतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून इनपुट '१००-२४०' छापलेला घ्या. मागे लाल रंगाचं ११५/२३० बटण असलेला नको, ती जुन्या धाटणीची वस्तू आहे.

केबल: बहुतेक ३०६० ना एक ८-पिन लागते. ती एसएमपीएसमधून थेट आलेली ६+२ असावी. मोलेक्स किंवा साटावरून (डिस्क वगैरेंना वीज देणाऱ्या केबलींवरून) ८-पिन करून देणारं कन्व्हर्टर दुकानदाराने फुकट दिलं तरी घेऊ नका. साटाच्या पिना १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी आहेत, तिथून ८-पिनचे दीडशे ओढले की प्लास्टिक वितळतं. प्रोसेसरची ४+४ सुद्धा ८-पिनच दिसते, पण ती कार्डात बसत नाही. जोर लावू नका.

यूपीएसचं कोणी बोललंच नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. तुमचा पीसी पूर्ण लोडला भिंतीतून ४०० च्या आसपास ओढेल, वर मॉनिटर. तुमचा तसाच असेल तर लाइट गेली की एक्स्पोर्टच्या मध्येच यूपीएस बीप मारून बंद पडणार. तुमच्या यूपीएसच्या मागच्या स्टिकरवर व्हीए नाही, वॅट किती ते बघून इथे टाका. मग तोच ठेवायचा की १ केव्हीएचा घ्यायचा ते ठरवू.